ऑइल वाढतंय

चौसाळा, ता. ४ नोव्हेंबर २०२४

ती. बायनाअक्कास, धाकट्या राधाकिशनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

गाडी सोडून इकडे सर्व ठीक. फोनवर तुला ऐकू येत न्हाई आणि मला एवढं ओरडवत न्हाई, म्हणून पत्र.

आपल्या दादांची अ‍ॅम्बेसडर चढावर मिसिंग मारतीय, हिसके देत चालती. शिवाय इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा खाली जातो, तो वर येतच न्हाई. नाथा मिस्त्रीनं इंजिन ऐकलं, टोपी काढली आणि म्हणाला, खोलावं लागतंय. त्यानं जाड ऑइल भरलं. चार दिवस काटा वर राहिला, मग पुन्हा तेच.

आमच्या अमरसिंहानं पुण्याच्या एका हॉटेलवाल्याशी बोलणं केलंय. ते लोक इंजिन काढून गाडी हॉटेलच्या दारात उभी करणार आणि बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार. मी म्हणालो, तुझे आजोबा सभापती असताना ज्या गाडीत फिरले तिच्यात शेवंती कावून लावायची? तास-दोन तास भांडण झालं. शेवटी ठरलं की संक्रांतीनंतर नारायणगडाचा चढ ती न थांबता चढली, तर घरी राहील. न्हाई तर शेवंती.

दाजींची टॅक्सी परळी-अंबाजोगाई रस्त्यावर आयुष्यभर चालली, पण तिचं इंजिन खोलायला आणि जोडायला तूच होतीस. दाजी गेल्यापासून तू उंबरा ओलांडला न्हाईस. तर येऊ नकोस, नुसतं सांग.

लोभ आहेच, तो गाडीवरही असू दे.
तुझा राधाकिशन

धर्मापुरी, ता. १२ नोव्हेंबर

चि. राधाकिशन यास अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर दादांसारखंच आहे, म्हणजे दोनदा वाचावं लागलं.

इंजिन खोलू नको. आधी काटाच खोटं बोलतो का ते बघ. दुसरा आणून लाव. मग इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघ, रबरी हातमोजा घालून. वायर काढूनही इंजिनाला फरक पडला न्हाई तर तो सिलिंडर काम करत न्हाई असं समज. आणि सकाळी गाडी गार असताना ऑइलची पट्टी काढून ऑइल किती आहे ते लिही. अंदाज नको, तुझे अंदाज मला माहीत आहेत.

उंबऱ्याचं म्हणशील तर शेजारी छबुबाईकडे गेलते. त्या काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं न्हाई, म्हणून मी आपली हसले. नंतर कळलं, त्यांची म्हैस मेली होती. तेव्हापासून घरीच बरं वाटतं.

भामाबाईंना आशीर्वाद. तब्येतीला जप.
तुझी अक्का

चौसाळा, ता. २१ नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

सांगितलंस तसं सगळं केलं. नवा काटाही जुन्याइतकाच खाली पडतो. प्लगच्या वायरी अमरसिंहानं काढल्या. कुठलीही काढली की इंजिन लगेच लंगडायला लागतं, म्हणजे चारी सिलिंडर जिवंत आहेत. त्याला एक झटका बसला. हातमोजा मी घातलेला होता.

ऑइलची मात्र चांगली बातमी आहे. ते वाढतंय! खुणेच्या बोटभर वर गेलंय आणि घरात कोणी थेंब घातलेला न्हाई. भामा म्हणाली, या घरात आपोआप वाढणारी ही पहिलीच वस्तू. ती रोज बॉनेट उघडून उदबत्ती लावते. मीही रोज अर्धा तास इंजिन चालू ठेवतो. सपाटीवर कसलीच तक्रार न्हाई, फक्त चढावर दम सोडती.

कृपा असावी.
राधाकिशन

धर्मापुरी, ता. २८ नोव्हेंबर

राधाकिशन,

आधी उदबत्ती विझव, मग पुढचं वाच.

वाढतंय ते ऑइल न्हाई, पेट्रोल आहे. पट्टीचा वास घे. इंजिनाच्या अंगाला पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटलाय. पेट्रोल त्यातून खाली ऑइलमध्ये गळतं. ऑइल पातळ होतं, म्हणून काटा पडतो. आणि चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं तेव्हा ते पोचत न्हाई, म्हणून मिसिंग. दोन्ही दुखणी एकाच पडद्याची आहेत.

गाडीला किल्ली लावू नको. पातळ ऑइलवर बेअरिंग जातील, मग नाथा म्हणतो तेच करावं लागेल. पडदा मी लातूरहून मागवलाय. तू तो उलटा बसवशील याची मला खात्री आहे, म्हणून मीच येते. न्यायला येऊ नको, तुझी गाडी बंद आहे.

एसटीनं येईन. चौसाळा असं कागदावर लिहून कंडक्टरला दाखवीन.

अक्का

चौसाळा, ता. २० जानेवारी २०२५

ती. आत्यास अमरसिंहाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात हे कळलं. मला माझं म्हणणं तोंडानं सांगता आलं न्हाई, म्हणून लिहितो.

तुम्ही पडदा बदलला, ऑइल बदललं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरून ठोके तपासलेत आणि मान डोलावलीत, तरी मला भरवसा वाटला न्हाई. गडाच्या पायथ्याशी आबांनी गुडघा दुखतो म्हणून तुम्हाला चालवायला बसवलं. गुडघा दुखत नव्हता. त्यांना भीती वाटत होती आणि ती तुम्हाला दिसू द्यायची नव्हती. मधल्या वळणावर वरून जीप आली तेव्हा मी मागं बसून डोळे मिटले. उघडले तेव्हा आपण वर होतो आणि काटा जागेवर होता. आबा दर्शनाला जायच्या आधी बॉनेटच्या पाया पडले.

तिथं बायकांनी तुम्हाला घेरलं. तुम्ही सरळ सांगितलंत, मला ऐकू येत न्हाई, तळहातावर लिहा. त्या लिहीत राहिल्या. तुम्हाला गाडीत बसवायला मला तीनदा यावं लागलं.

हॉटेलवाल्याला न्हाई म्हणून कळवलं. त्यानं विचारलं, दुसरं काही जुनं आहे का. मी आबांचं नाव सांगितलं न्हाई.

आशीर्वाद असू द्या.
आपला अमरसिंह

धर्मापुरी, ता. २९ जानेवारी

चि. अमरसिंहास आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. काल शेडमध्ये जाऊन ह्यांच्या टॅक्सीवरची ताडपत्री काढली. ह्यांचा टॉवेल अजून स्टिअरिंगवरच होता. तिथंच थोडा वेळ बसले. मग तो धुतला आणि इंजिन बघितलं. हातानं फिरतंय, जाम झालेलं न्हाई.

बॅटरी गेलीय. पुढून हँडल घालून इंजिन फिरवायला माझ्यात आता जोर न्हाई. पत्र मिळाल्यावर येणाऱ्या रविवारी ये. तुझ्या आबाला आणू नको, तो सूचना करतो. तू हँडल मार, मी आत बसते.

येताना एसटीनं ये आणि परतीचीही तीच धर. गाडी चालू झाली तर मला तुला सोडायला वेळ होणार न्हाई. मी तशीच पुढं अंबाजोगाईला जाणार आहे.

जेवूनच जा. स्वयंपाक करून ठेवते.
तुझी आत्या