युझेकच्या नावापुढचा शेरा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आईचा ताप उतरला. डॉ. म्हणाले, उद्या घरी न्या.
काल दुपारभर ग्लानीत ती तिच्या माहेरच्या, पोलंडच्या भाषेत बोलून राह्यली होती. सदुसष्ट वर्षांचा झालो, पण तिची पोलिश कधी ऐकली न्हाई. प्रार्थना तेवढी पुटपुटते, ती पण मनातच. एक शब्द सारखा येत होता. युझेक, युझेक. आज शुद्धीत आल्यावर विचारलं, कोण? तोंड भिंतीकडं फिरवलं. मंग म्हणाली, "भाऊ व्हता धाकला. मी त्याला टाकून आले."
मला मामा होता, हे आज कळलं.

१६ नोव्हें., रवि.
मस्तगडला, घरी. आईनं सांगितलं तसं लिहून ठेवतो.
दुसरी मोठी लढाई लागली तेव्हा रशियन शिपायांनी आईच्या घरच्यांना शेतावरून उचलून रेल्वेत घातलं आणि रशियात पार लांब नेऊन टाकलं. आईबाप तिथंच गेले. दोन-अडीच वर्षांनी पोलिश पोरांना बाहेर काढायची गाडी ठरली. आई बारा वर्षांची, युझेक आठ. त्याला टायफस. दवाखान्यात ठेवलेला. निघायच्या दिवशी सकाळी ही गेली तर खाट रिकामी. नर्सनं हातानंच खूण केली, गेला म्हणून. गाडी सुटून राह्यली होती. ही चढली.
मंग इराण, कराची, कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी. छावणीच्या दवाखान्यात कंपाउंडर आमचे दादा, म्हणजे वडील, तीर्थपुरीचे. छावणी उठली, सगळे पांगले, ही दादांचा हात धरून इकडं आली. नाव वांदा. आजी म्हणे, रोज उठून घरात वांदा वांदा ओरडायचं का? वंदा केलं.
"तू मढं पाह्यलं होतं का?" मी विचारलं.
"न्हाई. पाह्यलं पाह्यजे व्हतं." एवढंच.
दादांनासुद्धा कधी बोलली न्हाई म्हणे.

३० नोव्हें.
छावणीचं ओळखपत्र सापडलं, आईच्या ट्रंकेत, दादांच्या धोतरात गुंडाळलेलं. त्यावर शेताचं गाव आहे. ते गाव आता पोलंडात न्हाई, सरहद्द सरकली. तिकडं ईमेल केली, फोनमधून भाषांतर करून. मृत्यूची नोंद कुठं मिळाली तर आईला एक तारीख तरी मिळेल. तेवढंच डोक्यात. बायको, शोभा म्हणाली, "रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तलाठीपण काही जात न्हाई."

९ डिसें.
उत्तर आलं. त्या गावच्या चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्या लढाईत जळाल्या. संपलं.

११ डिसें.
संपलं न्हाई. सकाळी समोरच्यांची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली. ओटी भरायला शोभा गेल्ती. मी दाढी करून राह्यलो होतो, हात थांबला. आईला विचारलं, "तुझ्या आईची बाळंतपणं कुठं झाली?"
"कुठं म्हंजे? तिच्या आईकडं."
म्हणजे बाप्तिस्मा आजोळच्या चर्चात! बाप्तिस्म्याची वही पण तिथंच. निदान युझेकची जन्मनोंद तरी मिळेल. आजोळचं नाव लिपा. नदी, पाणचक्की, आणि विटांचं चर्च, एवढं तिला आठवतं. नकाशात पाहिलं तर लिपा नावाची गावं ढीगभर. आपल्याकडं तालुक्याला एक पिंपळगाव, तसं. नदी असलेली निवडून सगळीकडं लिहिलं. सोबत आईचं ओळखपत्र, माझं आधार, दादांचा फोटो. दादांचा का जोडला, सांगता येत न्हाई.

२० जाने., मंगळ.
पान सापडलं.
एका लिपाहून कार्यालयातल्या बाईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. युझेफ, म्हणजे युझेक. आईचं नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा, सगळं बराबर. तिकडं बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढं पुढची हकिकत समासात लिहितात. आपल्या सातबाऱ्यावर फेरफाराचा शेरा असतो तसं. आयुष्यभर असले शेरे वाचले, पण फोनवर हे भाषांतर तीनदा करून पाहिलं.
"विवाह १९५९. हेलेना हिच्याशी."
१९५९! मी एक वर्षाचा होतो तेव्हा.
बाईंनी खाली लिहिलंय : तुमच्या आईची नोंद याच वहीत, चार वर्षं आधी. तिच्यापुढं समास कोरा आहे.
म्हणजे तिकडच्या हिशेबी हरवलेली आईच.

२२ जाने.
अजून सांगितलं न्हाई. दोन दिवस टाळून राह्यलो. मेलेल्याला सोडून आली, हे एक. जिवंत भावाला सोडून आली, हे वेगळं. पंच्याण्णव वय. या वयात तिला...
शोभा चिडली. "तुम्ही कोण ठरवणार? भाऊ त्यांचा."

२३ जाने., शुक्र.
सांगितलं. सकाळी, उन्हात बसली होती तेव्हा. पान मोठं करून दाखवलं. तिनं चष्मा पुसला, परत घातला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. तिला वाचता येतं अजून!
"लगीन केलं यानं?"
"हो."
"पंचवीस वर्षांचा झाल्ता मंग." बोटांवर मोजलं. पोलिशमध्ये मोजलं.
मी म्हणालो, तुला कुणी खोटं सांगितलं न्हाई, दुसऱ्या खोलीत हलवला असेल, तू लहान होतीस. माझं काही ऐकत नव्हती.
"मंग एकटा न्हाई राह्यला," म्हणाली. "बायकू होती. घर असंल." आणि रडली. मी तिला रडताना दादा गेले तेव्हा पाह्यलं होतं, हे तसलं न्हाई. मधेच हसत होती.
जेवताना वरण दुसऱ्यांदा मागितलं. मी पण आज पोटभर जेवलो, दोन महिन्यांनी.

२ फेब्रु., सोम.
ज्या चर्चात लग्न झालं तिथला पत्ता लिपाच्या बाईंनी दिला. पुढं काय झालं ते त्यांच्या वहीत न्हाई. असला तर मामा एक्क्याण्णवचा. मी म्हणालो, ईमेल करू. आई म्हणाली, न्हाई, कागदावर.
मराठीत सांगत होती, मी लिहून घेत होतो, भाषांतर नंतर. शेवटची ओळ मात्र तिनं स्वतः लिहिली, पोलिशमध्ये. काय लिहिलं ते सांगत न्हाई. मी पण फोन धरला न्हाई त्यावर.
पाकीट बंद करताना विचारलं, "नाव कुणाचं टाकू? त्याचं, का हेलेनाचं, का नुसतं 'कुटुंबास'?"
"त्याचंच टाक," म्हणाली. "ठळक काढ अक्षर. म्हातारा झाला असंल, दिसत नसंल."
काढलं.