सांगून आलेलं आजारपण

२ जानेवारी

काल काय सांगितलं होतं, आठवतंय का रे? नाही ना. अरे, काल मी काही सांगितलंच नव्हतं. आज सुरुवात! एवढंसुद्धा ध्यानात नाही, आणि म्हणे सगळं साठवून ठेवणारा फोन.

नातीने शिकवलं – इथे दाबायचं, बोलायचं, तो लिहितो. ती वाचणार नाही म्हणाली. मला तर वाचताच येत नाही. म्हणजे खरं बोलायला हरकत नाही.

तर खरं असं. मी ठमाबाई, नाशकातल्या मखमलाबादची. जन्म गेला झेंडू आणि मेथी विकण्यात, आणि या वयात शिडाच्या बोटीवर बसले आहे. बोट दुसऱ्याची. माझी यशश्री आणि तिची मैत्रीण वेदिका ती मालवणहून कोचीला पोचवताहेत. नीट पोचली तर यशश्रीला तिथे कप्तानाची नोकरी. इकडे तिच्या बापाने, म्हणजे माझ्या लेकाने, संक्रांत झाली की तिला बघायला दिंडोरीचे द्राक्षबागवाले बोलावलेत. लेकाचं नाव समाधान, पण ते त्याला कधी झालं नाही.

पोरीला म्हटलं, मला समुद्र दाखव. समाधानला म्हटलं, तिला परत घेऊन येते. दोघंही खूश.

३ जानेवारी

पोटात होतं नव्हतं ते सगळं समुद्राला वाहिलं. बोलवत नाही.

५ जानेवारी

पोटाने समुद्राशी जमवून घेतलं. वेदिका दिवसभर मागे गळ सोडून बसते. आज दोर माझ्या हातात दिला आणि सुरमई लागली! आमच्याकडे मासा म्हणजे बाजारातला सुका बोंबील – मेल्यावर कितीतरी महिन्यांनी भेटणारा. हा जिवंत, आणि लय जोराचा. ओढता ओढता मीच पाण्यात जायची. यशश्रीने लुगड्याचा काष्टा धरला म्हणून वाचले.

संध्याकाळी कारवारच्या पुढे एका बेटाशी थांबलो. यशश्री म्हणाली, "वेदे, नांगर टाक." मी म्हटलं, बायांनो, इथे काय पेरताय? बोट अडकवायच्या लोखंडी आकड्यालाही नांगरच म्हणतात म्हणे. दोघी हसून हसून आडव्या झाल्या.

बेटावर माणूस नाही. एक पडकी भिंत, वर घारी, आणि विहीर. चारी बाजूंनी खारट आणि मधोमध गोड पाणी! ओंजळीने प्यायले. तिथेच काठावर बसून पोरीला विचारलं – मुलगा शिकलेला, घर चांगलं, मग खोट काय? ती म्हणाली, "त्याच्यात खोट नाही, आजी. बघायला यायची तारीख ठरली, साडी ठरली, जेवणात काय ते ठरलं. मला कुणी विचारलं?"

मी पुन्हा पाणी प्यायला वाकले.

७ जानेवारी

समाधानचा फोन. म्हटलं, ऐकत नाही रे ती. तर म्हणाला, "आई, तू जरा आजारी पड. तुझ्यासाठी येईल ती."

जरा म्हणजे किती, मी विचारलं.

वाईट नाही तो. पोर पाण्यावर असली की याला झोप नाही, सूनबाई छाया सांगत होती. ती खोटं बोलत नाही. भरती-ओहोटी म्हणजे काय हेसुद्धा तो लोकांना विचारत फिरतो म्हणे.

८ जानेवारी

पडले आजारी. छातीवर हात, डोळे मिटलेले, मधूनमधून कण्हणं. वाटलं होतं, पोरगी आधी चार प्रश्न विचारेल. एक विचारला नाही. बोटीचं तोंड फिरवलं, कारवारच्या बंदराकडे. मालकाला फोन केला – घरचं कारण आहे, कोचीला न्यायला दुसरं कुणी बघा.

मग माझ्या तळव्यांना तेल चोळत बसली. "आजी, वारा समोरून आहे, बोट आदळेल. मी हळू नेते."

रडली असती तर मला सोपं गेलं असतं. वेदिका आमच्याकडे पाठ करून शीड आवरत होती.

जिंकले मी. तिने पेज भरवली.

९ जानेवारी

बंदर दिसायला लागलं तशी उठून बसले आणि सांगून टाकलं. आजार खोटा आहे, आणि कुणी लावलाय तेही.

ओरडली नाही. दुपारपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही. वेदिकाने ताट आणून दिलं, तीसुद्धा नुसती "घ्या आजी" म्हणाली. मग यशश्री शेजारी येऊन बसली.

"तू खरी आजारी असतीस तरी मी फिरलेच असते. म्हणून तर असलं करायचं नसतं, आजी."

मला असं कुणी बोललं तर मी दोन सुनावते. आज ऐकून घेतलं. तिला म्हटलं, लाव त्या मालकाला फोन, आत्ता, माझ्यासमोर.

लावला. तो लय कुरकुरला. अजून दुसरं कुणी ठरलं नाही, पण उद्याच पुढे निघायचं असेल तरच, म्हणाला. उद्या! आणि समाधानला कालच कळवलंय, तो उद्याच गाडी काढून कारवारला यायचा आहे, आजारी आईला आणि पोरीला न्यायला. तो समोर उभा राहिला की हिच्या तोंडून 'नाही' निघणार नाही. बापाचा चेहरा बघितला की विरघळते. मी ओळखते ना.

१० जानेवारी

उजाडताच समाधानला फोन केला, तो निघायच्या आत. म्हटलं, बाबा, आजार वाढला. गाडीत बसवणार नाही, बोटीतच जरा बरं वाटतं. कोचीपर्यंत असंच न्यावं लागेल मला, आणि नात जवळ हवी.

आजार त्यानेच लावलेला, खोटा कसा म्हणणार! म्हणाला, "आई, काही पाठवू का?"

म्हटलं, कोचीला बाजरीचं पीठ पाठव आणि खुरासणीची चटणी. छायाला म्हणावं, चांगली झणझणीत कर. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते.