डोळ्यासाठी राखलेला दात

रामवाडी, पेण
सोमवार, ११ जुलै १९८८

चि. बायजास मोरूदादाचा तोंडभर आशीर्वाद. तोंडभर म्हणजे खरंच तोंडभर गो, कालपासून तोंड पुरतं उघडतंय!

इकडे भाताची लावणी निम्मी उरकली. कारखान्यात तीनशे गणपती वाळून रंगाला लागलेत. तुझी हौसावहिनी तुझ्यासाठी वाल निवडून ठेवतेय.

मला ताप आला म्हणून पाच दिवस दवाखान्यात होतो, असं तुला कळवलं होतं. ताप होता, खोटं नाय. पण तो आला दातातून. वरचा सुळा संक्रांतीपासून ठणकत होता. मी लवंग दाबायची नि कामाला बसायचं. वरचा दात काढला की नजर जाते, असं आपले आजोबा सांगायचे ना? मूर्तीला रंग कुणीही देईल, डोळ्यांची आखणी कारखान्यात माझीच. नजर गेली तर मी काय उंदीर रंगवत बसू?

मग एका सकाळी उठलो तो गाल भोपळ्याएवढा नि उजवा डोळा मिटलेला. कारखान्यातली धोंडुबाई किंचाळलीच, "मोरूदादा, ह्यो काय अवतार!" मूर्ती न्यायच्या टेम्पोत पेंढ्यावर बसवून मला दवाखान्यात नेलं. रस्त्यात लोकांनी हात जोडायचे तेवढे बाकी होते.

डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आला असतात तर दात काढून तासाभरात चहाला घरी गेला असतात. आता पू डोळ्यापाशी पोचलाय. अजून दोन दिवस थांबला असतात तर डोळा गेला असता." तरी मी हटून बसलो, दात काढू नका म्हणून. तेव्हा हौसा कडाडली, "आंधळे झालात तर मी हाय. मेलात तर कोण हाय?" त्याच दिवशी दात निघाला.

सलाईन, इंजेक्शनं झाली, सूज उतरली, डोळा उघडला. पण कुंचला धरायची छाती होईना. चौथ्या दिवशी धोंडुबाई वीतभर गणपती घेऊन वॉर्डात हजर! "आखा," म्हणाली. सगळे पेशंट खाटांवर उठून बसले. मी श्वास धरला नि रेघ ओढली. बायजा, केसासारखी बारीक! दुसरा डोळा पहिल्याच्या जोडीला जोडी. सगळा वॉर्ड "मोरया" ओरडला. नर्सबाई रागवायला धावत आल्या नि हात जोडून उभ्या राहिल्या. मी ढसाढसा रडलो, त्यात लाज कसली?

आता इतका वेळ टाळलं ते लिहितो. तुझे यजमान रघुराव मला बघायला आले होते. तू अजून एकाच बाजूने जेवतेस, गालाला पदर लावून कामं करतेस, असं म्हणाले. दाढ काढू म्हटलं की म्हणतेस, "दादा नाय म्हणालाय."

शिमग्याला आली होतीस तेव्हा दाताच्या डॉक्टरच्या पायरीवरून मीच तुला हाताला धरून परत आणलं. तू कळवळत होतीस नि मी नजरेच्या गोष्टी सांगत होतो. तो शहाणपणा नव्हता गो. मी भ्यालो होतो, नि माझं भय तुझ्या गळ्यात बांधलं. चुकलो मी, बायजा.

गुरुवारी पहिल्या एसटीने रोह्याला येतो. थेट तुझ्याकडे वरसेला येऊन तुला डॉक्टरकडे नेतो. खुर्चीत बसलीस की माझा हात धर, हवा तेवढा दाब. आणि त्याआधी गाल सुजला किंवा ताप आला, तर माझी वाट बघायची नाय, रघुरावांबरोबर तडक निघायचं.

नाय म्हणाला तो दादाच होता. आता जा म्हणतोय तोही दादाच.

दोन्ही डोळ्यांनी तुला बघायला येणारा,
मोरूदादा