गॅलरीतला संघ

३ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पोचल्याची चिठ्ठी मिळाली असेल. आधी चांगलं सांगते. हॉटेलची खोली हवेशीर आहे, फक्त पलंग आखूड आहेत आणि माझे पाय बाहेर लोंबतात. तू मला शिडी म्हणतेस, ते इथं परक्या देशात भाषा न कळताही सगळ्यांना पटलंय.

आता खरं ते लिहिते. काल आमचा पहिला सामना होता. गुडघ्यांना पट्ट्या बांधून आम्ही बसमध्ये चढणार, तेवढ्यात मॅनेजरबाई तोंड पाडून आल्या. आपल्याकडे व्हॉलीबॉलच्या दोन संघटना आहेत, हे तुला ठाऊक आहे. आम्हाला एकीनं पाठवलं, आणि दुसरीनं इथं कळवलं की हा देशाचा संघच नव्हे. आयोजकांनी सांगितलं, तुमचं घरचं भांडण मिटेपर्यंत कोर्टवर पाऊल ठेवायचं नाही.

मग आम्हाला गॅलरीत बसवलं. समोरचा संघ कोर्टवर येऊन उभा राहिला. पंचांनी शिट्टी दिली, आमच्या रिकाम्या बाजूकडे जरा वेळ पाहिलं आणि सामना त्यांना देऊन टाकला. आमच्यातली सगळ्यात धाकटी हमसून हमसून रडायला लागली. मी कर्णधार, मी वाकून तिच्या गुडघ्यांच्या पट्ट्या सोडून दिल्या.

दादाला दोन्ही कचेऱ्यांत जाऊन यायला सांग. पुढच्या वर्षी माझं वय निवडीत बसणार नाही, हे त्याला वेगळं सांगायला नको. आईला इतक्यात काही बोलू नकोस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी नणंद

९ ऑक्टोबर

चि. शिडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हातातलं काम हातातच राहिलं. तुझा दादा त्याच दिवशी अर्धी रजा टाकून गेला. गंमत अशी की दोन्ही संघटना एकाच इमारतीत आहेत, एक खाली नि एक वर. खालच्यांनी सांगितलं, आमची काही हरकत नाही, वरचे अडून बसलेत. वरच्यांनी सांगितलं, खालच्यांनी आम्हाला विचारलंच कुठे? मग हा लिफ्टचा मिस्त्री आहे असं कळल्यावर वरच्या सचिवांनी अगदी गोड आवाजात विचारलं, आमची लिफ्ट महिनाभर बंद आहे, जाता जाता बघता का? तुझ्या भोळ्या भावाला वाटलं, तेवढ्यानं काम होईल. दुपारभर खपून त्यानं लिफ्ट चालू केली. सचिव तिच्यातून खाली उतरले आणि निघून गेले.

काल तो परत गेला, तेव्हा सचिवांनी विचारलं की तुम्ही नक्की कोणत्या गटाचे? तो म्हणाला, "मी तिचा भाऊ आहे." त्यावर त्यांनी त्याला बाहेर बसवलं आणि कचेरी बंद होईपर्यंत आत बोलावलंच नाही. घरी आल्यापासून तो हत्यारांची पेटी उघडून तीच तीच हत्यारं पुसत बसलाय.

आई रोज विचारतात, आज पोरीचा सामना कसा झाला. मी म्हणते, चांगला झाला. किती दिवस म्हणू?

जेवत जा. रागानं पोट भरत नाही.
तुझी वहिनी

१६ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाला सांग, त्यानं वाईट वाटून घेऊ नये. त्यानं जिवाचं रान केलं, ते मला इथं बसूनही दिसतं.

आमचे पुढचे सामनेही तसेच गेले. सरावाला हॉल मिळेना, म्हणून हॉटेलच्या तळघरात मोटारींच्या मधे दोन खांबांना दोरी बांधून आम्ही खेळायचो. एका मोटारीवर चेंडू आदळला आणि तेही बंद झालं. मग उरली गॅलरी. दुसऱ्यांच्या प्रत्येक उडीला आमचे खांदे आपोआप वर व्हायचे.

परवा अचानक परवानगी आली. तिकडे म्हणे दोन्ही संघटनांनी एकदाच्या सह्या केल्या. उरला होता शेवटून पहिलं कोण हे ठरवायचा एकच सामना. आम्ही नाचत हॉलवर गेलो. पाहतो तर समोर कुणीच नाही. आम्ही येत नाही हे इतक्या दिवसांत सगळ्यांना पाठ झालं होतं, म्हणून तो संघ आदल्या दिवशीच्या विमानानं घरी गेला होता. पंचांनी शिट्टी दिली, थांबले आणि हात आमच्या बाजूला केला. आम्ही जिंकलो.

पंच ज्या उंच शिडीवर बसतात तिच्याखाली जाऊन मी पंचबाईंना खुणेनं विचारलं, "एक सर्व्हिस मारू?" त्यांनी चेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नकाराची मान हलवली. बाई वाईट नव्हत्या. नियमच तसा होता.

परतीची तिकिटं पुढच्या आठवड्याची आहेत. तोवर इथंच.
लोभ आहे तो वाढव, आज त्याची गरज आहे.
तुझी नणंद

२० ऑक्टोबर

चि. शिडीस,
अनेक आशीर्वाद.

तू निघायच्या आत हे पोचावं. तुमच्या विजयाची बातमी इथल्या पेपरात दोन ओळींत आली. लगेच खालच्या संघटनेचे लोक घरी आले, सत्कार करायचा म्हणून. ते जिना उतरतात न उतरतात तोच वरचे आले, आणि त्यांनीही तोच दिवस धरला. दोघांचंही म्हणणं एकच, संघ आमचाच. तुझ्या दादानं दोघांना दारातूनच वाटेला लावलं. नंतर खुर्चीत बसून किती तरी वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

त्यांची बोलणी आईंच्या कानावर गेली, तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. त्या रागावतील, रडतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, मग पोर इतके दिवस तिथं काय करत होती? मी म्हटलं, बसून होती.

आई म्हणाल्या, "तिला बसायची सवय नाही गं."

तू ये. विमानतळावरून गाडीनं येशील, तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर असू.
तुझी वहिनी