दहाव्याचा वस्तरा

खापा, मंगळवार

प्रिय वैभू,

सगळ्यात पहिले आला तो मनोहरराव. मी ओट्यावर सांभाराची जुडी निवडत बसली होती, तुझी माय मागं धुणं धुवून राहिली होती, अन् हा आपल्याच घरचं लगीन असल्यासारखा हसत हसत फाटक उघडून आत. तुझा बाप जेलात गेला तेव्हापासून या माणसानं आपल्या गल्लीत पाय टाकला नाही, समोरून दिसलो तर सायकल वळवून न्यायचा. अन् आता मले म्हणते, काकू, पेढे कुठी आहेत, पोट्टी फौजदार झाली अन् आम्हाले खबर नाही. मी म्हटलं, साऱ्या खाप्याले वाटले, तुमचंच एक घर चुकलं. त्याले ते टोचलं नाही. तेवढ्यात फाटकापाशी पांढरी गाडी थांबली. त्यातून कोण उतरलं ते सांगतेच, पण पहिले आनंदाचं सांगू दे, नाही तर रागात राहून जाईन.

तुझा पेपरातला फोटो शेजारच्या यमुताईनं कापून देवाजवळ लावला. मी म्हटलं, काढ वं बाई, जित्या लेकराचा फोटो देवापाशी नाही लावत, तर तिनं नेऊन फ्रिजवर चिकटवला. आता तिच्या घरी थंडं पाणी मागितलं का पहिले तुझं दर्शन होते. दळणाच्या दुकानात मले नंबर लावू देत नाहीत, म्हणतात फौजदाराच्या आजीचं पहिले दळा. मीही दळून घेते, काहून नाही घेणार? तुझ्या बापानं मात्र तिसऱ्या दिवशी जेवता जेवता मले विचारलं, माय, तिच्या एवढ्या केसावर ती टोपी बसन का? एवढंच. तुले माहीत आहे, जेलातून आल्यापासून त्यानं स्वतःच्या डोक्याले कैची लावू दिली नाही. मानेवर केस लोंबतात. लोक साधूबुवा म्हणतात, तो ऐकून घेते.

हं, तर गाडीतून उतरला तो आपला ठाणेदार. आता ठाणेदार नाही राहिला, नागपुरात मोठा साहेब झाला, पण मी त्याले चालण्यावरून ओळखलं. वर्दी नव्हती, पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी. ओळखलं का आजी, म्हणते. मी म्हटलं, तुमच्या ठाण्याच्या पायरीवर मी इतके दिवस बसली का तिथल्या कुत्र्यालेही मी पाठ होती, तुम्हालेच ओळख नव्हती. तुझी माय ओले हात घेऊन बाहेर आली, त्याले पाहिलं, आत गेली अन् चुलीवरचं चहाचं आधण उतरवून ठेवलं. माझ्या सुनेच्या, नंदिनीच्या हातचा चहा घेतल्याबिगर या घरातून वसुलीवालाही गेला नाही कधी. त्या दिवशी तिनं भांडं मोरीत ओतलं, ते आम्ही साऱ्यांनी ऐकलं.

तेव्हाचं तुले किती आठवते मले माहीत नाही, तू शाळेत होती. तुझ्या आज्याचं दहावं होतं. आपल्यात सुतकात कोणी डोक्याले दाढीले वस्तरा लावत नाही, दहाव्यालेच नदीवर जाऊन सारे भाऊ-पुतणे डोकं करतात. कन्हानच्या घाटावर ऊन चांगलं डोक्यावर आल्यावर रामाजी न्हाव्यानं तुझ्या बापाचे केस काढले. तोपर्यंत माझ्या गोविंदाचं डोकं अन् दाढी म्हणजे नुसतं झुडूप झालं होतं. अन् त्याच दिवशी सकाळी, दिवस उगवता उगवता, कोराडीच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर मॅनेजरले कोणी तरी जिवानं मारलं. पंपावरच्या माणसानं सांगितलं का मारणाऱ्याचं डोकं चकचकीत भादरलेलं होतं. झालं. तुझा बाप सुतक फिटल्यावर कोराडीले बिजलीघराच्या राखेच्या ट्रकवर कामाले गेला, डोक्यावर दुपट्टा बांधून, अन् तिथूनच उचलला. ओळख पटवाले रांगेत उभं केलं तर बाकी साऱ्यांच्या डोक्यावर केस, एकटा गोविंदा बोडका. मग बोट कोणाकडे जाईन?

अन् तिथं पंच कोण, तर मनोहरराव. ठाण्याचा हक्काचा पंच तो, बोलावलं का जायचं, दाखवलं तिथं सही करायची. हाच मनोहरराव घाटावर होता, वैभू. तुझ्या बापाचे केस पडून राहिले होते तेव्हा खाली दुपट्टा यानंच धरला होता. रामाजी बिचारा ठाण्यात गेला, म्हणे साहेब, सकाळी त्याच्या डोक्यावर केस होते, मीच दुपारी काढले, लिहून घ्या. त्याले हाकललं. पुन्हा गेला, पुन्हा हाकललं. त्याचं बोलणं कुठीच लिहिलं गेलं नाही, अन् खटला उभा राहाच्या आधी तो वारला. आम्ही सांगितलं तर म्हणे घरचे लोक आहेत, घरचे तर असंच बोलतात. सरकारनं दिलेला वकील आमचं नावसुद्धा चुकीचं घ्यायचा. जन्मठेप झाली.

मग हायकोर्टात संघपाल वकील भेटला. त्यानं काही जादू नाही केली. तुझ्या आज्याच्या मरणाची नगरपालिकेतली तारीख दाखवली, म्हणजे दहावं खुनाच्याच दिवशी पडते, अन् पोलिसांनीच लिहिलेलं दाखवलं का बापाच्या दहाव्याले डोकं केलं. मी मागच्या बाकावर बसली होती. जजसाहेबानं चष्मा काढला अन् सरकारी वकिलाले विचारलं, सुतकात दहाव्याच्या विधीआधी, पहाटेच कोणी डोकं करतं का हो? त्या साऱ्या कोर्टात असा एक माणूस नव्हता ज्याच्या घरी कोणी मेलं नव्हतं. इतकीशी गोष्ट. ते विचाराले नऊ वर्षं लागली. तू बापाबिगर मोठी झाली, तुझी माय लोकाइच्या घरचे कपडे शिवू शिवू वाकली.

सुटला तेव्हा जो तो म्हणे, देवाची कृपा. माझं डोकं फिरते ते ऐकून. देवानं कुठी धरून नेलं होतं त्याले? ज्यानं नेलं त्याचं नाव काहून नाही घेत कोणी? खुंट्याची गायही सुटते. माणसाले सोडलं तर कोणी तरी समोर येऊन म्हटलं पाहिजे का आमचं चुकलं, अन् कोणाचं चुकलं तेही सांगितलं पाहिजे. कोणी नाही आलं. उलट हा ठाणेदार बढती घेत घेत वर गेला, खुनी धरला म्हणून त्याच्या गळ्यात हार पडला. ज्यानं खरंच मारलं तो कुठी आहे, कोणाले फिकीर नाही. म्हणून मी संघपालले म्हटलं, अर्ज लिही. मले भरपाई नको, मले या माणसाले विचारलेलं पाहिजे. अर्ज केला, तो वर पोचला, अन् आता म्हणे चौकशी लागणार. म्हणून ही फळं.

बसल्यावर साहेब गोड बोलाले लागला. म्हणे आजी, झालं गेलं, माझी रिटायरमेंट जवळ आली, अर्ज मागं घ्या. तुमची नात आता आमच्याच खात्याची, म्हणजे आमच्याच घरची. तिची चारित्र्याची पडताळणी अजून व्हायची आहे ना? बाप खुनाच्या केसमध्ये होता, सुटला तरी शेरा कसा मारायचा ते लिहिणाऱ्याच्या हातात असतं. असं म्हणाला अन् केळी पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवली.

मी भोळी झाली. म्हटलं, साहेब, तुमचं खरं आहे, मी अडाणी बाई, पण एक सांगा, रामाजीचं काहून लिहून नाही घेतलं? तो मनोहररावकडे पाहून जरासा हसला. अडाणी बाईपुढं बोलाले काय भीती? म्हणे, “आजी, मला त्याच दिवशी कळलं होतं. पण वरून रोज फोन, पेपरात रोज बातमी. कोणीतरी द्यावाच लागतो.” पावसापाण्याचं बोलल्यासारखा बोलला. मनोहररावनंही मान हलवली. मी खाली पाहते तर सांभाराची पानं सारी कचऱ्यात अन् टोपलीत नुसत्या काड्या.

मी म्हटलं, “हेच गोविंदापुढं बोला.” तो म्हणे, अर्ज मागं घेतल्याचा कागद मी तयार करून आणतो, तुमचा अंगठा झाला का त्याच्याशीही बोलतो, त्याला बरं वाटेल असं. मी म्हटलं, अंगठा कशाले, मले सही येते. हे ऐकून मात्र तो थोडा बिचकला. ते गेल्यावर तुझ्या मायनं ती फळं यमुताईच्या बकरीले नेऊन टाकली. बकरीनं खाल्ली, तिचं काय बिघडते.

तुझा बाप तेव्हा फरशीच्या दुकानात कामावर होता. त्याले यातलं काही माहीत नाही, म्हणून फोन नाही केला, फोनवर मी मोठ्यानं बोलते. पोरीची नोकरी अडन असं नुसतं कानावर पडलं तरी तो त्याच दिवशी मले अर्ज मागं घ्याले लावन, त्याले गप बसाची सवय लावली आहे त्या लोकाइनं. मी मागं घेणार नाही. पण भाकर तुझी आहे, म्हणून तुलेच विचारून राहिली. तू म्हणशीन का आजी, राहू दे, तर मी सही करीन अन् जन्मात तुले एक शब्द बोलणार नाही, तुझी शपथ. पण तसं वाटत नसन, तर गाडी पकडून ये. वर्दी अजून मिळाली नाही, काही हरकत नाही. तू, तुझा बाप अन् मी ओट्यावर बसू, संघपाललेही बोलावते, अन् मी साहेबाले तेच पुन्हा विचारीन. तो जे बोलन ते तू लिहून घे, जसं तो बोलते तसंच, एकही शब्द न गाळता. रामाजीचं कोणी लिहिलं नव्हतं. तुझ्या नोकरीचं पहिलं लिहिणं हेच होऊ दे.

सांभार पुन्हा आणला आहे, वड्या शनिवारी रात्री करून ठेवीन. ते लोक रविवारी सकाळी येतो म्हणून गेले आहेत.

तुझीच, सही करता येणारी आजी,
गोपिका