उम्म अतियाचा रांजण

२ जून
दमनहूरला प्रयोगशाळेत रुजू झाले! ऊन आमच्या अलेक्झांड्रियाच्या दुप्पट, पण खोली झकास. प्रयोगशाळेच्या फाटकाशी रांजण आहे, साखळीला पत्र्याचा पेला. उंदरांचे पिंजरे साफ करणाऱ्या उम्म अतियाने तो मेलेल्या लेकाच्या नावाने ठेवलाय. येणारा-जाणारा पितो, लेकासाठी दुवा मागतो. मला म्हणाली, "पी पोरी! हे पाणी प्यायलीस की माहेर विसरशील." खरंच गोड पाणी. दोन पेले प्यायले.

९ जून
आमचे प्रमुख डॉ. राघिब यांचं औषध संप्रेरकासारखं वागणारं पेप्टाइड आहे. पोटात पचून जात नाही, म्हणून उंदरांच्या पिण्याच्या पाण्यातच घालतात. रक्तदाब उतरावा ही आशा. उतरतोय कसला! उंदीर सारखे पितात, तरी पिंजऱ्यातला भुसा कोरडा, लघवीच नाही. मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टर मात्र खूश, एवढा ठळक परिणाम म्हणून. मला राग आला. रोज आम्ही बाटल्या बदलतो. उरलेलं पाणी उम्म अतिया बादलीतून नेते.

१७ जून
उंदरांचे डोळे सुजून मिटलेत, तरी तोंड नळीलाच. बाहेर रांजणापाशी टुकटुक रिक्षावाल्यांची धक्काबुक्की. उन्हाळाच आहे म्हणा. मलाही तहान फार लागते. चपला घट्ट होतात.

२१ जून
पाववाला शलबी आला नाही. बायको म्हणाली, लघवी बंद, तोंड भोपळ्यासारखं. तो रोज रांजणावर थांबायचा.
उम्म अतियाला विचारलं, बादलीचं काय करतेस? ती दुखावलीच. "गाळलेलं पाणी गटारात ओतू होय गं? अल्लाला काय तोंड दाखवू? रांजणात घालते. तेवढंच लेकाला पुण्य."
तडक धावले. राघिबांना सांगितलं. त्यांनी वही उघडली. मग विचारलं, रांजणावर रोज साधारण किती माणसं येतात?

२२ जून
अंगठी निघत नाही. सकाळपासून लघवीचा थेंब नाही. घरचं पाणी पोटभर प्यायले, तहान जात नाही. तेच पाणी हवं—
उम्म अतियाला सगळं सांगितलं. तिचेही डोळे सुजलेत. म्हणाली, लेकाचं पाणी कुणाला मारेल का? आणि बादली रांजणात ओतली—

दुपार
हातोडा आणलाय. फोडणारच. लोक हलत नाहीत. मी ओरडले, विष आहे— सुजलेली तोंडं नुसती बघतात. कोणीतरी पेला पुढे केला—
भिंतीला टेकून लिहितेय. रांजण हाताला गार लागतो. फोडते. शलबीसाठी, सगळ्यांसाठी— हातोडा जरा खाली ठेवते. आधी एकच पेला, मग