पात्याची उंची

सर, या उन्हाळ्यात मला एका क्लबाने तज्ज्ञ म्हणून बोलावलं. आधी हसून घ्या. कळव्याच्या पलीकडे खाडीच्या बाजूला एक छोटा गोल्फ कोर्स झालाय. तुमच्या वेळी तिथे नुसता चिखल होता. त्यांनी डोंबिवलीला माझ्या बिल्डिंगखाली एसी गाडी पाठवली. गाडीत थंड पाण्याची बाटली आणि घडी घातलेला नॅपकिन. एवढा मान मिळाला की समजावं, कुणाचा तरी बळी द्यायचाय आणि सुरी म्हणून आपल्याला नेतायत. झालंही तसंच. तिथली ग्रीन्स ऐन मे महिन्यात करपून गेलेली आणि कमिटीला त्यांच्या सुपरिंटेंडंटला काढायचं होतं. घरच्यांनी काढलं तर वाईट दिसतं, म्हणून बाहेरचं, धारदार जिभेचं माणूस हवं होतं. जिभेची ही कीर्ती मी स्वतः मिळवलेली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, तेवढी मेहनत गवतावर घेतली असतीस तर गवताची कीर्ती झाली असती."

आपला धंदा लोकांना अजून कळत नाही, सर. माझी मावशी दर दिवाळीला नव्याने विचारते, "सुपरिंटेंडंट म्हणजे जेलची असते तशी?" मी म्हणते, हो, फक्त आमचे कैदी स्वतःहून येतात, वर्गणी भरतात आणि वर जेलरवर ओरडतात. मग समजावते की झेंडा लावलेलं भोक असतं ना, त्याच्याभोवती गालिच्यासारखं कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात, आणि ते मरू न देणं हे माझं काम. "म्हणजे माळीण," असं समाधानाने म्हणून ती चकलीकडे वळते. तुम्हाला पहिल्या दिवशी मीही काही फार शहाणं सांगितलं नव्हतं. ॲग्रीची पदवी घेऊन ठाण्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी तुमच्या कोर्सवर आले, तुम्ही ग्रीनवर मांडी ठोकून बसला होतात आणि बुटांची जोडी बाजूला ठेवलेली. मी खाली बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "सर, ही तर हरळी! आमच्याकडे हिला उपटून बांधावर फेकतात." तुम्ही वर न बघताच विचारलंत, "वडील शेतकरी?" मी हो म्हटलं. "बापाने आयुष्यभर उपटलं ते लेक आयुष्यभर लावणार. पितृऋण फेडायची ही पद्धत मी पहिल्यांदाच बघतोय. चपला काढ आणि बस." मी चपला काढते, बसते. गवत पायाला गार लागतं. त्या दिवसापासून, सर, मी दुसऱ्या कुठल्या खुर्चीत नीट बसलेच नाही.

तुमचं वर्तकनगरचं स्वयंपाकघर आठवतं. पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी आसपासचे सगळे सुपरिंटेंडंट तुमच्याकडे जेवायला जमायचे. त्यातल्या एकालाही गोल्फ धड खेळता येत नव्हतं. ज्या क्लबांचे मेंबर एकमेकांच्या ढालींवर डोळा ठेवून असायचे, त्यांचेच आम्ही सगळे नोकर, ताटाला ताट लावून बसलेलो. काकूंच्या हातचं वालाचं बिरडं, सोलकढी, आणि पापडाच्या शेजारी कुणाच्या तरी कोर्सवरून रुमालात बांधून आणलेला मेलेल्या गवताचा तुकडा. तो तुकडा हातोहात फिरायचा, प्रत्येक जण हुंगायचा, माती चुरडायचा. "बुरशी." "बुरशी नाय रे, अळी आहे, मुळं बघ." काकू कढीचं पातेलं घेऊन मागे उभ्या. "जेवताना अळ्या नकोत म्हणून सांगितलंय ना मी? हात धुऊन या सगळे. आणि अहो, तुम्हीसुद्धा." तुम्ही शाळेतल्या मुलासारखे उठायचात. गॅलरीत तुमचे डालड्याचे डबे, प्रत्येकात वेगळ्या जातीची हरळी, आणि ती तुम्ही काकूंच्या कात्रीने कापायचात. "लोकांच्या गॅलरीत तुळस असते," काकू मला म्हणायच्या. "आमच्या गॅलरीत तण आहे. गणपतीत शेजारणी दूर्वा मागायला येतात तर हे विचारतात, हायब्रीड चालेल का देवाला?" आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसले होते, डब्यांना आणि कात्रीला. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "हिच्या जिभेच्या पात्याची उंची वाढवायला हवी. फार खाली कापते."

आपल्या मंडळींचा नियम मला तिथेच कळला. कुणी लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. दुसऱ्याच्या कोर्सवर गेलं की चपला काढून ग्रीनवर चालायचं, कमिटी सोबत असेल तर तोंड बंद ठेवायचं, आणि काय बोलायचं ते पंप हाऊसच्या मागे, दोघांतच. मला वाटायचं ही नुसती रीत आहे, दुसऱ्याच्या घरी जेवणाला नावं ठेवत नाहीत तशी. रीत कशासाठी असते ते कळायला मला माझी ग्रीन्स मारावी लागली.

तुम्हाला तो मे महिना आठवत असेलच, कारण त्यानंतर दर वर्षी त्या रविवारच्या जेवणात तुम्ही त्याची आठवण काढायचात. कल्याणच्या पुढे मला पहिल्यांदा स्वतंत्र कोर्स मिळालेला. स्पर्धा जवळ आलेली आणि आमचे चेअरमन रोज सकाळी येऊन म्हणायचे, "मॅडम, बॉल पळत नाहीये. स्लो आहे. मजा नहीं आ रहा." मी गवत कापायच्या मशिनचं पातं खाली घेतलं, म्हणजे गवत आणखी बारीक. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. बॉल पळायला लागला, चेअरमननी माझी पाठ थोपटली, आणि त्याच आठवड्यात ऊन असं काही पेटलं की पानं उरली नव्हती त्या गवताच्या काड्या उघड्या पडल्या, मुळं भाजली आणि ग्रीन्स चहाच्या चोथ्यासारखी दिसायला लागली. मग त्याच चेअरमननी तुम्हाला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. तुम्ही येता, चपला काढता, पहिल्या ग्रीनपासून शेवटच्यापर्यंत अनवाणी चालता. तापलेल्या मातीवर. मागे कमिटी बुटांत, आणि सगळ्यात मागे मी, बायोडाटा मनातल्या मनात नव्याने लिहीत. शेवटी चेअरमन विचारतात, "तो फिर? चूक कुणाची?" तुम्ही रुमालाने मान पुसता आणि म्हणता, "या उन्हात, या पाण्यावर मीही हेच केलं असतं. माझ्याकडेही हेच झालं असतं. मुलगी चांगली आहे. तिला पावसापर्यंत वेळ द्या."

मी रडणार होते, पण तुम्ही तेवढी सवड दिली नाहीत. पंप हाऊसच्या मागे गेल्यावर तुमचा आवाज असा चढला की मोटारीचा आवाज ऐकू येईना. "अक्कल गहाण ठेवलीस की फुकट वाटलीस? तो म्हणाला स्लो आहे, म्हणून पातं खाली? उद्या म्हणेल मॅडम उंच वाटतात, तर पाय कापून घेशील? गवत तुझं पगारपत्रक बघत नाही गं. त्याला पान हवं, बस. पान ठेवशील तेवढा जीव." मग पिशवीतून काकूंनी दिलेली पोळीभाजी काढलीत, अर्धी मला दिलीत, आणि खिशातून पात्याची उंची मोजायची तुमची जुनी पितळी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवलीत. "कुणी काही म्हणो, आधी ही लाव. नंतर माणसाचं ऐक." दोन दिवसांनी तुमच्याकडून टेम्पो आला. त्यात ओल्या गोणपाटाखाली हिरव्यागार गवताचे पट्टे. निरोप होता, नर्सरीत जास्तीचं होतं, पाठवलंय. पावसाने ते गवत धरलं. माझी नोकरी राहिली.

तुम्ही गेलात त्या दिवशी सगळे सुपरिंटेंडंट तुमच्या सोसायटीच्या आवारात जमलो होतो. आम्ही सगळे माना खाली घालून आवारातल्या त्या बारक्याशा लॉनकडे बघत होतो. एकाने तर वाकून एक पान खुडून पाहिलं. काकू जिन्यात आल्या, आमच्याकडे बघितलं आणि रडता रडता हसल्या. "अरे, आज तरी वर बघा रे." मग मला जवळ बसवून घेतलं आणि बोलता बोलता तुमच्या त्या टेम्पोचा विषय निघाला. मी म्हटलं, नशीब तेव्हा नर्सरीत जास्तीचं गवत होतं. काकू म्हणाल्या, "कसली नर्सरी? नर्सरीचं सगळं गवत त्या वर्षी ह्यांच्या क्लबाच्या चेअरमनच्या मुलीच्या लग्नाच्या मांडवापुढे अंथरलं होतं. तुझं गवत ह्यांनी स्वतःच्या सरावाच्या ग्रीनमधून कापलं. अख्खा पावसाळा तिथे टक्कल होतं आणि मेंबरांच्या शिव्या खात होते. मला म्हणाले, रोग आलाय असं सांगितलंय." काकू डोळे पुसत म्हणाल्या, "रोग! ह्यांना कसला रोग होता मला विचार."

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी त्या दिवशी कळव्याच्या त्या कोर्सवर उभी होते, सर. सोबत चेअरमन, कमिटीची चार मंडळी, एक जण फोनवर माझं बोलणं रेकॉर्ड करायला तयार. आणि मागे त्यांचा सुपरिंटेंडंट. तिशीचा असेल, उन्हाने काळवंडलेला, खांद्यावरची बॅग उगाचच घट्ट धरून. मी चपला काढल्या. पहिलं पाऊल टाकलं आणि तळव्याला काड्या टोचल्या, तेव्हाच कळलं. बुरशी नाही, अळी नाही, पाणी नाही. पातं. पट्टी काढायचीसुद्धा गरज नव्हती. मी मागे वळून बघितलं तर तो माझ्या पायांकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं की मला कळलंय. चेअरमन म्हणाले, "मॅडम, एकदम स्पष्ट बोला. तुम्ही स्पष्ट बोलता असं ऐकलंय आम्ही." खरं सांगते, जिभेवर चार वाक्यं तयार होती. एकेक अशी की तुम्हीसुद्धा हसला असतात. त्यातलं एक चेअरमनसाठी होतं, ते गिळणं सगळ्यात जड गेलं. मी रुमालाने मान पुसली. म्हटलं, "या उन्हात मीही हेच केलं असतं. माझ्याकडेही हेच झालं असतं. मुलगा चांगला आहे. पावसापर्यंत वेळ द्या."

चेअरमनचा चेहरा लग्नात जेवण संपल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा झाला. पण तज्ज्ञ त्यांनीच आणलेला, गाडी त्यांचीच. तिथल्या तिथे ठरलं, त्याला पावसाळ्याच्या शेवटापर्यंत ठेवायचं. मी म्हटलं, मला पंप हाऊस बघायचंय. मागे गेल्यावर तो म्हणाला, "मॅडम, थँक यू. मी घरी काय सांगायचं तेच ठरवत होतो. मुलीचं आत्ताच इथल्या शाळेत नाव घातलंय." मी म्हटलं, "थँक यू खड्ड्यात घाल. कुणी सांगितलं पातं खाली घ्यायला?" तो म्हणाला, "ते रोज म्हणायचे, स्लो आहे." आणि सर, माझ्या तोंडातून पहिलं वाक्य जे निघालं ते अक्कल गहाण ठेवण्याचं. पुढचं पाय कापून घेण्याचं. शब्दाला शब्द. मी थांबू शकत नव्हते. आवाज माझा होता, एवढंच. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मधेच मला दिसलं की तो हसू दाबतोय. मग मी डबा उघडला. पोळीभाजी नव्हती, काकूंसारखी मला जमत नाही. दोन बटाटेवडे होते, त्यातला एक त्याला दिला.

गवतही पाठवलं. माझ्या नर्सरीत होतं तेवढं सगळं, आणि ते पुरेना. माझ्या त्याच कल्याणच्या कोर्सवर सहाव्या ग्रीनच्या मागे उताराला अजून तुमचा तो जुना पट्टा होता, तुमच्या सरावाच्या ग्रीनमधून आलेला. इतकी वर्षं मी तिथे कुणाला गाडी नेऊ दिली नाही. माझ्या माणसांना वाटतं तिथे पाण्याची लाईन आहे. तो कापायला घेतला तेव्हा हात थांबला, मग स्वतःलाच म्हटलं, तू काय गवताचं समाधीस्थळ चालवतेस? कापला आणि टेम्पोत घातला. आमच्या मेंबरांनी विचारलं, मागे टक्कल कसलं? मी सांगितलं, रोग आलाय. पाऊस सुरू झाल्यावर त्या पोराने फोटो पाठवला, कोंब फुटलेत. पितळी पट्टी मात्र त्याला दिली नाही. तुमच्याइतकी मोठी मी अजून झाले नाही, आणि त्याने पुन्हा पातं खाली नेलं तर मोजायला मलाच जावं लागणार.

हे तुम्हाला पाठवता येत नाही याचं मला फार वाईट वाटत नाही. पाठवलं असतं तर तुम्ही शुद्धलेखन सुधारून परत पाठवलं असतंत. आणि दुसरं एक कारण आहे. त्या पट्ट्यातला बशीएवढा एक तुकडा मी टेम्पोत घातला नाही. डोंबिवलीला गॅलरीत, स्टीलच्या जुन्या डब्यात लावलाय. डालड्याचे डबे आता मिळत नाहीत. स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापते. पट्टी तिथेच खिडकीवर ठेवलेली असते. काल संध्याकाळी शेजारीण आली, म्हणाली, जरा वाढलंय हो, बारीक केलंत तर छान दिसेल. मी पट्टी लावली नाही, सर. कात्री खाली गेली. आज सकाळपासून एक कोपरा पिवळा दिसतोय.